कॅरो-कानची सामायिक फाइल: ठाण्यातल्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

काम ठरले: बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी १.ई४ ला उत्तर म्हणून कॅरो-कान (१...सी६ ने सुरू होणारे ओपनिंग; तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल), आणि नौपाड्यातल्या वर्गातल्या सगळ्यांसाठी एकच मूळ फाइल. डावांचे डेटाबेस सांभाळायला काहींकडे चेसबेस हा प्रोग्राम आहे, काहींकडे मोफत मिळणारे स्किड व्हर्सेस पीसी, उरलेल्यांकडे फक्त फोन. त्यामुळे मूळ प्रत पीजीएनमध्येच (डाव लिहायच्या सर्वमान्य फाइल-पद्धतीत) राहील. बाकी सगळे तिच्यावरून बनवायचे आणि बिनदिक्कत पुसायचे.

पीजीएन हा साधा मजकूर आहे, हाच त्याचा फायदा. चेसबेसचा जुन्या पद्धतीचा डेटाबेस एका फाइलचा नसतो. सीबीएचमध्ये फक्त यादी असते. चाली सीबीजीत, टिपा सीबीएत, खेळाडू सीबीपीत, स्पर्धा सीबीटीत. व्हॉट्सअॅपवर एकटी सीबीएच पाठवली की समोरच्याकडे नुसते कव्हर पोचते. पाठवायचेच असेल तर सीबीव्ही (सगळ्या फाइलींचे एकच गाठोडे) करून पाठवावे. स्किडच्या चौथ्या आवृत्तीत एसआय४, एसजी४ आणि एसएन४ या तिन्ही फाइल एकत्रच हलवायच्या.

८ जून

दोन डेटाबेस, दोन फोल्डर. ‘संदर्भ’मध्ये खेळले गेलेले डाव. ‘रेपर्टॉयर’मध्ये आपण काय खेळणार ते. ही दोन्ही एकत्र केली की सहा महिन्यांत फाइलचे भंगाराचे दुकान होते, कारण आवडलेला प्रत्येक डाव ‘असू दे’ म्हणून आत येतो. रेपर्टॉयरचा नियम एकच: काळ्याची पाळी असलेल्या प्रत्येक पोझिशनला एकच चाल. पर्यायी चाल सुचली तर ती टिपेत लिहायची, शाखा म्हणून नाही.

टॅग असे: ‘व्हाइट’च्या जागी प्रकरण, ‘ब्लॅक’च्या जागी उपप्रकरण, ‘रिझल्ट’मध्ये तारांकन. नावांच्या आधी दोन आकडी क्रमांक, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामच्या यादीत क्रम बदलत नाही. प्रकरणे पांढऱ्याच्या चालींप्रमाणे: ०१ अॅडव्हान्स (३.ई५), ०२ एक्स्चेंज (३.ई×डी५), ०३ पानोव्ह (३.ई×डी५ नंतर ४.सी४), ०४ घोडा सी३, ०५ टू नाइट्स (दोन्ही घोडे आधी), ०६ फँटसी (३.एफ३), ०७ किरकोळ. ईसीओचे (ओपनिंगच्या वर्गीकरणाचे) कोड प्रोग्रामला भरू द्यावेत. ए०० ते ई९९ अशा पाचशे खणांत कॅरो-कानला बी१० ते बी१९ मिळाले आहेत, पण दर वेळी डाव त्याच खणात राहतो असे नाही. त्याबद्दल ६ जुलैला.

१५ जून

संदर्भाचा साठा. मार्क क्राउदर यांचे ‘द वीक इन चेस’ १९९४ पासून चालू आहे आणि दर आठवड्याचे डाव पीजीएनमध्ये फुकट मिळतात. गेल्या पाच वर्षांचे अंक जोडले. त्याआधीचे मुद्दाम टाळले: २०२० च्या सप्टेंबरात स्टॉकफिश १२ या इंजिनमध्ये न्यूरल नेटवर्क आले आणि अनेक जुन्या लाइनींचे निकाल त्यानंतर फिरले.

जोडल्यावर पहिले काम दुबार डाव काढणे. स्किडमध्ये देखभालीच्या खिडकीत जुळे डाव पुसायची सोय आहे. निकष लावले: तेच खेळाडू, तेच रंग, तेच वर्ष, त्याच चाली. खेळाडूंचा निकष सैल सोडू नये. बर्लिन या ओपनिंगमधली बरोबरीची ठरीव लाइन वेगवेगळ्या ग्रँडमास्टर जोड्यांनी अक्षरशः चालीला चाल जुळवून खेळली आहे. फक्त चालींवर जाल तर खरे डावही उडतील. उलट बाजूने ‘गुकेश डी’ आणि ‘गुकेश, डोम्माराजू’ ही प्रोग्रामच्या लेखी दोन माणसे. म्हणून आधी नावांची स्पेलिंग फाइल चालवायची, मग जुळे शोधायचे. क्रम उलटला तर अर्धे दुबार तसेच राहतात. शिवाय पुसलेल्या डावांवर फक्त खूण पडते. ‘कॉम्पॅक्ट’ केल्याशिवाय ते जात नाहीत.

वीस चालींच्या आत संपलेल्या बरोबऱ्या टक्केवारीच्या झाडातून (कुठल्या चालीला किती यश ते दाखवणाऱ्या यादीतून) वगळल्या. त्या चालीचा दर्जा सांगत नाहीत, त्या दिवशी दोघांना घरी लवकर जायचे होते एवढेच सांगतात.

रेटिंगची चाळणी लावताना एक खड्डा आहे. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १ मार्च २०२४ ला २००० च्या खालच्या सगळ्यांचे रेटिंग एकदाच वर उचलले: २००० मधून रेटिंग वजा करून त्याच्या ४० टक्के भर. १४०० चा १६४० झाला, १००० चा १४००. तळही १४०० वर आला. म्हणजे ‘दोघेही १६०० च्या वर’ ही चाळणी २०२३ च्या डावांत एक ताकद पकडते आणि २०२५ च्या डावांत दुसरी. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे डाव वेगळे चाळले.

२२ जून

रुंदी किती ठेवायची? या प्रकल्पातला खरा वाद हाच.

लिचेस या मोफत संकेतस्थळाच्या मास्टर्स एक्स्प्लोररमध्ये (डावांवरून चालींची टक्केवारी दाखवणाऱ्या सोयीत) १९५२ पासूनचे, फिडे २२०० च्या वरच्या खेळाडूंचे डाव आहेत. चाल किती बरी आहे हे तिथे कळते. पण ठाणे-नवी मुंबईतल्या रविवारच्या रॅपिडमध्ये समोर कोण बसते? बहुतेक एक्स्चेंज किंवा टू नाइट्स खेळणारा मुलगा. मास्टर्सच्या टक्केवारीवर आखलेल्या फाइलमध्ये ४.घोडा-एफ३ च्या शॉर्ट व्हेरिएशनला वीस चाली मिळतात आणि ४.उंट-डी३ च्या एक्स्चेंजला दोन ओळी. त्यामुळे रुंदीसाठी लिचेसचे सर्वसाधारण एक्स्प्लोरर: रॅपिड आणि क्लासिकल, गट १६०० ते २०००. बुलेट आणि ब्लिट्झ बंद, कारण तिथल्या चाली घड्याळाच्या असतात.

मोजायची रीत: काळ्याची चाल आपली निवड, म्हणून तिचे वजन पूर्ण. पांढऱ्याच्या प्रत्येक चालीच्या टक्क्यांचा गुणाकार करत जायचे. समजा ३.ई५ तीनातून एकदा येते आणि त्यानंतर ४.एच४ दहातून एकदा. म्हणजे ती पोझिशन तीस डावांत एकदा भेटणार. शंभरात एकदाही भेटत नसेल तिथे शाखा थांबवायची आणि एका वाक्याची योजना लिहायची.

अपवाद सापळ्यांचा. दुर्मीळ असले तरी एका चुकीत डाव जात असेल तर उजळणीचे कार्ड ठेवायचेच. नमुना: १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई५ उंट-एफ५ ४.एच४. इथे सवयीने ४...ई६ पडते. मग ५.जी४ उंट-ई४ ६.एफ३ उंट-जी६ ७.एच५ आणि उंट गेला. एफ५ वर जी४ चा पहारा, ई४ वर एफ३ चा, डी३ वर उंट आणि वजिराचा, सी२ चे प्यादे खाल्ले तर वजीर घेतो. आपले उत्तर ४...एच५. सापळ्याच्या कार्डावर उत्तर लिहून भागत नाही. चुकीची चाल, तिचा शेवट आणि शेवटच्या पोझिशनचे चित्र, तिन्ही लागतात. नाहीतर मुले ‘एच५’ पाठ करतात आणि पांढऱ्याने एच४ खेळलेले नसतानाही एच५ मारतात.

२९ जून

३.घोडा-सी३ डी×ई४ ४.घोडा×ई४ नंतर काय? क्लासिकल ४...उंट-एफ५ रद्द, ४...घोडा-एफ६ ५.घोडा×एफ६ शह ई×एफ६ पक्के. या लाइनचे नाव तार्ताकोव्हर.

कारण सौंदर्याचे नाही, देखभालीचे आहे. क्लासिकल शिकलेला मुलगा टू नाइट्समध्ये फसतो: १.ई४ सी६ २.घोडा-सी३ डी५ ३.घोडा-एफ३ डी×ई४ ४.घोडा×ई४ आणि हात आपोआप ४...उंट-एफ५ कडे जातो. पट ओळखीचा दिसतो, पण पांढऱ्याने डी४ खेळलेले नाही. ती वाचलेली चाल घोड्याला मिळते. ५.घोडा-जी३ उंट-जी६ ६.एच४ एच६ ७.घोडा-ई५ उंट-एच७ ८.वजीर-एच५ जी६ ९.उंट-सी४! आता ९...जी×एच५ घेतले तर १०.उंट×एफ७ आणि मात. ९...ई६ १०.वजीर-ई२ ने मात टळते, पण काळ्याच्या राजाभोवतीच्या प्याद्यांची वाट लागलेली असते.

४...घोडा-एफ६ ने ही दोन्ही प्रकरणे एकाच रचनेवर येतात. टू नाइट्समध्ये ५.घोडा×एफ६ शह ई×एफ६ ६.डी४ झाले की आपण तार्ताकोव्हरमध्येच असतो, तेही पांढऱ्याचा घोडा एफ३ वर अडकलेला. मुख्य लाइनमध्ये पांढरा ६.सी३ उंट-डी६ ७.उंट-डी३ ०-० (कॅसलिंग) ८.वजीर-सी२ हत्ती-ई८ शह ९.घोडा-ई२ अशी मांडणी करतो आणि आपण ९...एच५ ने राजाच्या बाजूला सरकतो. घोडा आधीच एफ३ ला असेल तर ती मांडणी त्याला सहजी मिळत नाही. दोन प्रकरणांच्या जागी दीड प्रकरण झाले.

टू नाइट्समध्ये ५.वजीर-ई२ साठी मात्र वेगळी ओळ हवी: ५...घोडा×ई४ ६.वजीर×ई४, आणि पुढे आपल्याला विकासात चाल मिळते. ४...घोडा-डी७ ची सवय असलेल्यांसाठी एक लाल कार्डही ठेवले: ५.वजीर-ई२ घोडा जी-एफ६?? ६.घोडा-डी६ मात. ई७ चे प्यादे वजिराने खिळलेले असते. ही लाइन आपल्या फाइलमध्ये नाही, तरी कार्ड आहे.

६ जुलै

ट्रान्सपोझिशन, म्हणजे वेगळ्या चालक्रमाने तीच पोझिशन येणे. फाइल झाडासारखी दिसते. प्रत्यक्षात ती झाड नाही, फांद्या पुन्हा एकमेकींना भेटतात. पीजीएनला हे कळत नाही. एकच पोझिशन तीन प्रकरणांत असेल तर तिथे तीन वेगळी उत्तरे शांतपणे राहू शकतात.

वर्गात सापडलेले सगळ्यात बोलके उदाहरण पानोव्हचे: १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई×डी५ सी×डी५ ४.सी४ घोडा-एफ६ ५.घोडा-सी३ ई६ ६.घोडा-एफ३ उंट-बी४ ७.उंट-डी३ डी×सी४ ८.उंट×सी४ ०-० ९.०-०. आता निम्झो-इंडियन, म्हणजे १.डी४ विरुद्धचे ओपनिंग: १.डी४ घोडा-एफ६ २.सी४ ई६ ३.घोडा-सी३ उंट-बी४ ४.ई३ ०-० ५.उंट-डी३ डी५ ६.घोडा-एफ३ सी५ ७.०-० सी×डी४ ८.ई×डी४ डी×सी४ ९.उंट×सी४. मोहऱ्या त्याच, घरे तीच, नववी चाल, काळ्याची पाळी. ईसीओत एक बी१४ आणि दुसरी ई५४. पानोव्हच्या प्रकरणात उत्तर होते ९...घोडा-सी६, मोठ्या मुलांच्या निम्झो फाइलमध्ये ९...बी६. दोन्ही चाली खेळल्या जातात, पण एकाच मुलाने दोन्ही पाठ करण्यात अर्थ नाही. ९...बी६ ठेवली: उंट बी७ वर, डी५ च्या घरावर पकड, योजना एका वाक्यात सांगता येते. ७.सी×डी५ घोडा×डी५ चे प्रकरण यापेक्षा स्वतंत्र आहे, ते तसेच.

शोधण्यासाठी पायथनच्या चेस लायब्ररीवर छोटी स्क्रिप्ट लिहिली. सगळ्या पीजीएन वाचायच्या, प्रत्येक शाखेतून चालत जायचे, प्रत्येक पोझिशनची किल्ली करायची आणि किल्लीखाली आपली चाल नोंदवायची. एका किल्लीखाली काळ्याच्या दोन चाली आल्या की ‘भांडण’, पांढऱ्याच्या चालीनंतर काहीच नसेल तर ‘भोक’. दोन याद्या छापून येतात.

किल्ली कशाची, यातच सगळी गंमत. फेनमध्ये (पोझिशन एका ओळीत लिहायच्या पद्धतीत) सहा रकाने असतात: मोहऱ्या, पाळी, कॅसलिंगचे हक्क, आँ पासाँ (दोन घरे पुढे गेलेले प्यादे लगेच मारता येणारे घर), पन्नास चालींच्या नियमाचा मोजक आणि चालक्रमांक. पूर्ण फेन किल्ली म्हणून घेतली तर वरच्या दोन पोझिशन वेगळ्या ठरतात! पानोव्हमध्ये शेवटच्या मारामारीनंतर दोन्हीकडून कॅसलिंग झाले, म्हणून मोजक २; निम्झोत शेवटची चालच मारण्याची, म्हणून ०. स्क्रिप्ट बिनतक्रार चालते आणि भांडण दाखवतच नाही. शेवटचे दोन रकाने टाकून पहिले चारच घ्यावेत. लायब्ररीचे ईपीडी फंक्शन नेमके तेवढेच देते.

चौथा रकानाही साधा नाही. काही प्रोग्राम प्यादे दोन घरे पुढे गेले की दर वेळी आँ पासाँचे घर लिहितात, काही फक्त तसे मारणे खरेच शक्य असेल तेव्हा. बाहेरून आलेल्या फेनशी थेट तुलना करू नये. आधी लायब्ररीत पोझिशन उभारून तिच्याकडूनच किल्ली घ्यावी.

पानोव्हला मागच्या दारानेही पोचता येते: १.सी४ सी६ २.ई४ डी५ ३.ई×डी५ सी×डी५ ४.डी४ घोडा-एफ६ ५.घोडा-सी३. १.सी४ ला सी६ खेळणाऱ्यांसाठी ‘०७ किरकोळ’मध्ये फक्त चालक्रम लिहिला आणि शेवटी टीप: ‘पुढे ०३ पाहा’. शाखेची नक्कल करायची नाही. नक्कल केली की एक दुरुस्त होते, दुसरी राहते.

१३ जुलै

इंजिनचे आकडे फाइलमधून काढले. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० चा अर्थ ‘जिंकण्याची शक्यता ५० टक्के’ असा बसवला आहे. त्याआधीच्या आवृत्तीचा +१.०० निराळा. जुन्या टिपांमधला ०.६ आणि आजचा ०.६ शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ. आकड्याऐवजी नॅग, म्हणजे पीजीएनमधली मूल्यमापनाची ठरीव क्रमांकित चिन्हे: १० म्हणजे बरोबरी, १४ म्हणजे पांढऱ्याला किंचित बरे, १६ म्हणजे पांढऱ्याचे स्पष्ट वर्चस्व. ही चिन्हे सगळे प्रोग्राम ओळखतात.

तपासणीची सेटिंग: तीन पर्यायी ओळी, खोली किमान ३०, आणि फक्त शाखेच्या टोकाला व ‘भांडणा’च्या जागी. पहिल्या दोन चालींत ०.२ पेक्षा कमी फरक असेल तर आपल्या रचनेशी जुळणारी चाल घ्यायची, इंजिनची पहिली नव्हे. एक्स्चेंजमध्ये हे फार उपयोगी पडले. ४.उंट-डी३ घोडा-सी६ ५.सी३ घोडा-एफ६ ६.उंट-एफ४ उंट-जी४ ७.वजीर-बी३ ही फिशरने १९७० साली बेलग्रेडला पेत्रोस्यानविरुद्ध खेळलेली मांडणी. इथे काळ्याला चार चाली चालतात आणि इंजिन दर मिनिटाला मत बदलते. ७...घोडा-ए५ ८.वजीर-ए४ शह उंट-डी७ ९.वजीर-सी२ ठेवले, कारण सक्तीच्या चाली लक्षात राहतात.

१६ जुलै

पावसात वीज लुकलुकते. डेटाबेस उघडा असताना मशिन बंद पडले तर इंडेक्स बिघडतो. पीजीएन मूळ प्रत असल्यामुळे नुकसान शून्य. आवृत्त्यांसाठी गिट, म्हणजे फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवणारा प्रोग्राम. प्रोग्राम निर्यात करताना ओळी पुन्हा मोडतात आणि एका चालीच्या बदलासाठी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो, म्हणून जमा करण्याआधी फाइल पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट या प्रोग्राममधून ओळीची रुंदी अगदी लहान ठेवून काढायची. मग नेमकी कुठली चाल बदलली ते दिसते.

२० जुलै

मराठी टिपा. पीजीएनचे मानक नव्वदच्या दशकातले, लॅटिन-१ अक्षरांवर बेतलेले. देवनागरी टिपा काही जुन्या प्रोग्राममध्ये प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची, सुरुवातीची बीओएम खूण न ठेवता. ती खूण राहिली की काही वाचक पहिला ‘इव्हेंट’ टॅग ओळखत नाहीत आणि पहिले प्रकरणच गायब होते. बाहेरून आलेली फाइल पायथनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ म्हणून उघडावी, खूण असो वा नसो, चालते.

टीप एका ओळीची आणि कारण सांगणारी. ‘चांगली चाल’ ही टीप नव्हे. ‘घाई नको, आधी हत्ती ई८, मग एच५’ ही टीप. बाण आणि रंगीत घरे टिपेतच कंसातल्या खुणांनी साठतात आणि चेसबेस व लिचेस दोघांनाही कळतात, त्यामुळे लहान मुलांसाठी शब्दांपेक्षा बाणच जास्त.

२७ जुलै

फोन. लिचेसच्या एका स्टडीत (आपण बनवलेल्या धड्यांच्या संचात) ६४ प्रकरणे मावतात. ‘इंटरॅक्टिव्ह लेसन’मध्ये मुख्य ओळच विचारली जाते, शाखा विचारल्या जात नाहीत, म्हणून पांढऱ्याच्या प्रत्येक मोठ्या पर्यायाला वेगळे प्रकरण लागते आणि ६४ ची मर्यादा बघता बघता येते. अॅडव्हान्स आणि पानोव्ह एका स्टडीत, बाकी दुसऱ्यात. विद्यार्थ्यांना फक्त पाहण्याचा हक्क.

शाखा फोडायचे काम हाताने करू नये: पीजीएन-एक्स्ट्रॅक्टमध्ये प्रत्येक शाखेचा स्वतंत्र डाव करून देणारा पर्याय आहे. पॉलिग्लॉटचे बिन पुस्तक (इंजिन वाचते ती ओपनिंगची फाइल) बनवतानाही हीच फोडलेली प्रत वापरायची.

अंकी या उजळणीच्या अॅपची कार्डे स्क्रिप्टनेच काढली, काळ्याच्या प्रत्येक निर्णयाला एक. समोर पटाचे चित्र, मागे चाल आणि कारण. चित्रावर आधीच्या चाली लिहिलेल्या नाहीत, हे जाणूनबुजून. चालींची माळ दिली की मुले पट बघतच नाहीत, गाणे म्हणतात. आणि स्पर्धेत क्रम बदलला की गाणे अडते. रोज नवी कार्डे आठ, उजळणीला मर्यादा नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो, तेवढ्यात बसते. नेटवर्क असेलच असे नाही, म्हणून कार्डे आधी उतरवून ठेवायची.

३ ऑगस्ट

आवृत्ती गोठवली. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात फाइलमध्ये नवी चाल नाही, फक्त चुकीची दुरुस्ती. बाटुमीच्या महिला विश्वचषकाचे डाव आले आहेत. २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवल्यापासून वर्गात सगळ्यांना त्यातले सगळे हवे आहे. डाव ‘संदर्भ’मध्ये गेले. तिथून पुढे जायचे तर २२ जूनचा गुणाकार आणि ६ जुलैची स्क्रिप्ट, दोन्ही पार करून.

‘भांडण’ यादी रिकामी. ‘भोक’ यादीत उरलेले: फँटसीत ३.एफ३ नंतरची बाजू अर्धवट, किरकोळमध्ये २.डी३ ला फक्त योजना आहे. स्पर्धेत जिथे कोणी फाइलबाहेर गेले त्या पोझिशन डावाच्या कागदावरून त्याच संध्याकाळी टाइप करायच्या, पांढऱ्याची चाल शंभरात एकच्या वर बसते का ते बघायचे, आणि मगच शाखा उघडायची. फँटसीचे काम त्यानंतर.